तारवालीची मिशी

तारवालीला मिशी फुटली आहे हे वहिनींना शनिवारी दुपारी कळलं, खेळ सुरू करून पहिलं दार उघडलं तेव्हा. आधी त्यांना वाटलं, पडद्यावर काहीतरी घाण बसली असेल. त्यांनी चष्मा पुसायच्या फडक्याने पडदा पुसला. मिशी जागची हलली नाही. नाकाखाली आठ काळे ठिपके, आणि दोन्ही टोकांचे ठिपके जरा वर चढवलेले, म्हणजे पीळसुद्धा दिला होता.

खेळ कॉम्प्युटरवरचा होता. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती, तिथे चौघांनी मिळून तो बनवला होता, नोकऱ्या सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, खालून येणारा पंक्चरच्या सोल्यूशनचा वास हुंगत. बाजारातल्या महागड्या खेळांत म्हणे माणसाच्या भुवईचा एकेक केस वेगळा हलतो. यांच्या खेळात सगळे मिळून चार रंग होते आणि भुवईला दोन ठिपके यायचे. त्यात थोडी गरज होती आणि बराचसा हट्ट होता. भंगारात निघालेल्या मशीनवरही तो चालला पाहिजे, हा त्यांचा पण होता.

गोष्टही तशीच होती. पुढच्या काळातलं शहर, पण नवं काहीच नाही. जुन्या टीव्हीच्या काचा, शिलाई मशीनच्या चाकांवर फिरणारी यंत्रं, आणि डोक्यावर तारांचं जंजाळ. सगळ्या तारा एका कंपनीच्या मालकीच्या. ही कंपनी माणसांचे आवाज विकत घेते. एका पोरीने आपला आवाज विकला. आता शहरातल्या खांबाखांबांवरून तिचा आवाज बजावत असतो, ‘रांग सोडू नका’, आणि घरी ती तोंड उघडते तर आत नुसती हवा. मग तिची आई निघते आवाज परत आणायला. पन्नाशीची बाई, तारा जोडण्याचं काम करणारी, एक गुडघा दुखरा. तिच्याकडे बंदूक नाही. पक्कड आहे, चिकटपट्टी आहे आणि कोणालाही गुंडाळू शकेल असं तोंड आहे. हीच ती तारवाली.

तिचा शब्दन् शब्द वहिनींनी लिहिला होता. वहिनी छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. औषधांच्या खोक्यातून निघणारे ते घडी घातलेले कागद असतात ना, मुंगीएवढ्या अक्षरांचे, ते दिवसभर वाचायच्या. खेळाचा प्रोग्रॅम लिहायचा तो त्यांचा दीर. त्याला घरीदारी सगळे धाकटाच म्हणत. दिवसा तो एका कचेरीतले बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करून द्यायचा. चित्रं काढायचा पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. चौकटीच्या कागदावर तो आधी एकेक ठिपका मांडून बघायचा. आणि आवाज करायचा तो कानसेन. पंखे आणि मिक्सर दुरुस्त करता करता त्याला त्यांच्या घरघरीत संगीत ऐकू यायला लागलं होतं, त्याला कोण काय करणार.

धाकटा वहिनी म्हणायचा म्हणून पेंटरही वहिनी म्हणायला लागला, आणि कानसेन तर वयाने मोठा असूनही वहिनीच म्हणायचा. जगाची वहिनी होण्यात एक गोम असते. जगाला वाटतं, हिचं काय, हिला न विचारता चालतं.

मिशीवर नजर ठेवूनच वहिनींनी पुढचं दार उघडलं. तिथे पहारेकरी होता. त्याने विचारलं, ‘कुठे निघालात?’ तारवाली म्हणाली, ‘मी एकटी आहे, म्हणून जपून जातो.’

वहिनींचा हात माउसवर थांबला. त्या पुढे गेल्या. ‘शिडीला तोल लावलं, तरी करकरतो.’ त्याच्या पुढे: ‘शहरातलो दिवे गेलो.’ त्याच्याही पुढे: ‘पळ, पहारेकरी आलो.’ तेराव्या मजल्याचा तोरावा मजला झाला होता. चुका पकडण्यावर जिचं पोट, त्या बाईला काय झालंय हे कळायला वेळ लागणार होता थोडाच. बाई ‘जाते’ म्हणते, पुरुष ‘जातो’ म्हणतो. बाई ‘आले’, पुरुष ‘आलो’. म्हणून कोणीतरी मशीनला हुकूम सोडला होता, की जिथे जिथे ‘ते’ दिसेल तिथे ‘तो’ कर, ‘ले’ दिसेल तिथे ‘लो’ कर. मशीनला अक्कल नसते, नुसता आज्ञाधारकपणा असतो. त्याने तेलाचा तोल केला, आणि शेवटी नावांची पाटी येते तिथपर्यंत जाऊन लेखनाचंही काम तमाम केलं. तिथे लिहिलं होतं, ‘कथा आणि संवाद लोखन: वहिनी’.

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या खुर्ची फिरवून बसल्या. तिघेही खोलीतच होते. पेंटर स्वतःच्या चपला बघत होता. कानसेनाला एकाएकी स्पीकरच्या वायरमध्ये फार रस वाटायला लागला होता.

“हे काय आहे?” वहिनींनी विचारलं.

“काय?” धाकटा म्हणाला.

“हे, नाकाखालचं.”

“हां, ते होय. वहिनी, ती एक छोटीशी सुधारणा आहे. उद्या प्रदर्शनात लोक बघणार, त्या दृष्टीने.”

“कोणाच्या दृष्टीने?”

“परीक्षकांच्या. त्यांना बाई नकोय हो. म्हणजे बाई चालते, पण पन्नाशीची, गुडघे धरून चालणारी, असली कोण खेळणार? तरुण कोणीतरी पाहिजे. आणि मी गोष्टीला हातसुद्धा लावला नाहीये. गोष्ट तीच आहे. नुसती अक्षरं बदललीत.”

“नुसती अक्षरं,” वहिनी म्हणाल्या. “दिवसभर मी नुसती अक्षरंच बघते. ‘जेवणानंतर’चं ‘जेवणाआधी’ झालं तर माणूस आडवा होतो, धाकट्या. नुसत्या अक्षरांनी.”

“तुम्ही उगाच मनाला लावून घेताय.”

“मग कुठे लावू? तू मिशी लावलीस ती नाकाला लावलीस, मी मनाला लावून घेते.” त्या पेंटरकडे वळल्या. “आणि तुम्ही हो? हात धजला तुमचा?”

पेंटर चपलांशीच बोलल्यासारखा म्हणाला, “हा म्हणाला, वहिनींना माहीत आहे.”

“मग मला एका शब्दाने विचारलं का नाहीत?”

“आठ ठिपक्यांसाठी काय विचारायचं, असं वाटलं,” पेंटर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं, आणि वहिनींना त्याचाच जास्त संताप आला.

“हे सगळं परत फिरव,” त्या धाकट्याला म्हणाल्या.

इथे धाकट्याचा चेहरा उतरला. परत फिरवता येत नव्हतं. सगळ्या ‘तो’चे पुन्हा ‘ते’ करायला सांगितलं तर तोंडाचं तेंड होणार आणि लोखंडाचं लेखंड. कोणता ‘तो’ जन्मापासून ‘तो’ आहे आणि कोणता परवा झालाय, हे मशीनला सांगणार कोण? जुनी प्रत विचाराल, तर ती नव्हती. त्याने बदल केले आणि त्याच फाइलवर सेव्ह केले. वहिनी थेट मशीनवरच लिहीत आल्या होत्या, हौसेने, दहादा खोडून. आणि त्यात मिशीवाली प्रत सकाळीच प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पोचली होती.

वहिनी ओरडल्या नाहीत. पर्स उचलली आणि जिना उतरून गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धाकट्याला वाटलं असणार. ओरडणारं माणूस थोड्या वेळाने थकतं तरी.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. या खेळाला तो पहिल्यापासून ‘रिकामा न्हावी, कुडाला तुंबड्या लावी’ म्हणत आला होता. पण आता धाकट्या भावाचा प्रश्न होता. आपला तो बाब्या.

“आठ ठिपके तर आहेत,” तो म्हणाला. “पोरगं हौसेने करतंय, जाऊ दे ना.”

“उद्या तुमच्या ऑफिसातल्या पाटीवर कोणी तुमच्या नावाआधी ‘श्रीमती’ लिहिलं तर?”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

नवऱ्याने बराच विचार केला. “ते माझं नाव आहे,” तो शेवटी म्हणाला.

वहिनींना जे म्हणायचं होतं ते त्यानेच म्हणून टाकलं होतं, आणि म्हणूनही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आतल्या खोलीत जाऊन त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. हौसेने करतंय म्हणे. मग त्या काय सक्तमजुरी करत होत्या? छापखान्यातून आल्यावर मान वर होत नसे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, तरी त्या तो जिना चढायच्या, कारण तिथे एक बाई होती जी त्यांच्या तोंडून बोलायची. वाटेत पहारेकऱ्याला काय उत्तर देईल ती, हे त्यांना बसमध्ये सुचायचं आणि त्या एकट्याच हसायच्या. तीच बाई यांनी रातोरात बदलून टाकली, आणि वर आठ ठिपके म्हणायचे. उद्या हॉलमध्ये जायचं आणि तो खेळ बंद करायचा, असं त्यांनी ठरवलं. तारवाली राहत नसेल तर खेळही नको.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या तेव्हा हॉल भरला होता. लांबच लांब टेबलं, टेबलांवर मशीनं आणि प्रत्येक मशीनसमोर वाकलेली डोकी. यांच्या टेबलाशी तर गर्दीच होती. वहिनी मागे उभ्या राहिल्या आणि ऐकू लागल्या. लोक हसत होते. ‘पळ, पहारेकरी आलो’ आलं की एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे खिदळायचे. दाढीवाला एक गृहस्थ शेजारच्या बाईंना समजावत होता की ही भाषा मुद्दाम मोडली आहे, भविष्यात माणूस असाच तुटक बोलणार, मोठा धाडसी प्रयोग आहे. त्या बाईसुद्धा मान डोलवत होत्या. वहिनींना त्या हसणाऱ्यांचा राग आला, पण दाढीवाल्याचा जास्त आला. हसणाऱ्यांना निदान चूक दिसत होती.

खुर्चीवर परीक्षक बसले होते. चष्मा कपाळावर सरकवून, नाक पडद्याला लागेल इतके जवळ. ते मात्र हसत नव्हते. ते खेळात पार आत गेले होते, कंपनीच्या बुरुजात, शेवटच्या दारापर्यंत. धाकटा त्यांच्या खुर्चीमागे हात बांधून उभा होता, आणि पेंटर आणि कानसेन भिंतीशी. वहिनी गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या.

“हा खेळ बंद करा,” त्या म्हणाल्या.

परीक्षकांनी वर पाहिलं. “आपण?”

“हे मी लिहिलंय. शेवटी पाटी येते बघा, ‘लोखन’, ते माझं.”

“वहिनी, घरी बोलू,” धाकटा दबक्या आवाजात म्हणाला.

“घरी बोलायचं ते तू बोलला नाहीस. आता इथे बोलू.” त्या परीक्षकांना म्हणाल्या, “या खेळात बाई होती. तुम्हाला बाई चालत नाही म्हणून हिचा बाप्या केलाय. मला एवढंच विचारायचंय, तुम्हाला का चालत नाही?”

परीक्षक गोंधळले. चष्मा खाली घेऊन त्यांनी धाकट्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. “मला? मी असं कशाला म्हणेन? मी फोनवर एवढंच विचारलं, तुमच्या खेळाचा नायक कोण? हे म्हणाले, एक तरुण तारवाला आहे. मी लिहून घेतलं.”

धाकट्याचे कान लाल झाले.

“तुला कोणी काही म्हटलंच नव्हतं,” वहिनी म्हणाल्या.

“वहिनी, त्यांनी एकदम विचारलं, नायक कोण. शेजारी ऑफिसातले सगळे बसलेले. त्यांच्यासमोर काय सांगू, एक बाई आहे, पन्नाशीची, गुडघा दुखतो तिचा? तोंडातून निघालंच नाही. तारवाला निघालं. आणि एकदा तारवाला म्हटल्यावर खेळात तारवाला नको का?”

“म्हणजे तुला लाज वाटली.”

वहिनींना कालपासून वाटत होतं की हा मूर्खपणा आहे, घाई आहे, कोणाच्या तरी दडपणाखाली केलंय. मूर्खपणा माफ करता येतो. पण दोन वर्षं शेजारी बसून ज्याने हा खेळ उभा केला, त्याला या बाईची लाज वाटत होती, आणि ते लपवायला त्याने ती दुसऱ्याच्या नावावर खपवली होती. कालचा राग याच्यापुढे काहीच नव्हता.

परीक्षक भले गृहस्थ होते. विषय बदलावा म्हणून म्हणा, की खरंच अडले होते म्हणून म्हणा, ते म्हणाले, “बंद करायचं ते करू, पण मला हे शेवटचं दार तरी उघडू द्या. मघापासून अडलोय.”

पडद्यावर मिशीवाला उभा होता. खाली त्याची ओळ होती: ‘तोराव्या मजल्यावर माझी लोक आहे. तिचा आवाज घेऊनच जातो.’ आणि दारावरच्या यंत्राने विचारलं होतं: ‘कोण आलंय?’ पुढे रिकामी जागा होती, उत्तर टाइप करायला.

“मी ‘तारवाला’ लिहिलं,” परीक्षक म्हणाले. “यंत्र म्हणतं, ओळखत नाही. ‘मी’ लिहिलं. तेही नाही. मग म्हटलं, लोक लोक करतोय, तर ‘जनता’ असेल. नाही. उत्तर काय आहे?”

धाकटा वहिनींच्या कानाशी आला. “वहिनी, काय आहे उत्तर?”

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिल्या. “तुला माहीत नाही?”

“मला कसं माहीत असणार? उत्तर तुमच्या फाइलमधून येतं. लिहिलेलं जुळलं की दार उघडायचं, एवढंच माझ्याकडे आहे.”

“तू शेवट वाचलाच नाहीस.”

“वाचायची वेळच आली नाही,” धाकटा म्हणाला, आणि हे त्याने अगदी सहज सांगितलं, टेबल पुसायचं राहिलं असं सांगावं तसं.

कानसेनाला उत्तर माहीत होतं. दारामागे जो आवाज होता तो त्यानेच टिपला होता. त्याने तोंड उघडलं. वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने ते मिटलं.

“तूच सांग,” वहिनी धाकट्याला म्हणाल्या. “मिशी कोणाला लावायची ते तुला बरोबर कळलं होतं.”

गर्दीतलं हसणं थांबलं होतं. परीक्षक खुर्चीत वळून धाकट्याकडे बघत होते. खेळ याचाच ना, मग सांगेल की, असा साधा भाव होता त्यांच्या चेहऱ्यावर. धाकटा पडद्याकडे वाकला. त्याचे ओठ हलत होते. ‘माझी लोक आहे.’ माझी लोक? माझे लोक असायला हवं. त्याने पुन्हा वाचलं. मग आपणच काय केलंय ते आठवून तो मागे मागे गेला, ‘लो’चा ‘ले’ करत, आणि पुटपुटला, “लेक. माझी लेक आहे.”

त्याने हात लांब करून ‘बाप’ टाइप केलं. यंत्र म्हणालं, ‘ओळखत नाही.’

तो तसाच वाकून उभा राहिला. मग सरळ झाला. कीबोर्डला त्याने हात लावला नाही.

“आई,” तो म्हणाला.

“आई? कोणाची आई?” परीक्षकांनी विचारलं. “हा तर पुरुष आहे.”

“नाहीये.” धाकट्याचा आवाज पहिल्यांदा चिरका आला, मग मोठा झाला. शेजारच्या टेबलाची माणसंही वळून बघायला लागली. “तारवाला वगैरे कोणी नाहीये यात. तारवाली आहे. पन्नाशीची आहे, तिचा गुडघा दुखतो, आणि ती पोरीला आणायला निघालीये. मिशी मी लावायला सांगितली. भाषा वगैरे मुद्दाम मोडली नाहीये कोणी, ती मीच घाण केलीये.”

दाढीवाले गृहस्थ दुसऱ्या टेबलाकडे निघून गेले. परीक्षकांनी दोन अक्षरं टाइप केली. दार सरकलं, आणि स्पीकरमधून पोरीचा आवाज आला, जरा खरखरीत, पंख्यासमोर बसून बोलल्यासारखा: “किती उशीर केलास गं आई.” टिपलेल्या आवाजात ‘ते’ आणि ‘ले’ शोधायची मशीनला सोय नव्हती, म्हणून तेवढा एकच जसाच्या तसा राहिला होता. पडद्यावर मिशीवाला दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून खाली बसला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. परीक्षकांनी मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

“ही बाई मला बघायची आहे,” परीक्षक वहिनींना म्हणाले. “पुढच्या महिन्यात पुन्हा मांडणार आहोत. नीट करून आणाल?”

वहिनींनी ‘हो’ म्हणून मान हलवली. त्यांचा राग उतरला नव्हता, आणि तो उतरावा अशी त्यांना घाईही नव्हती.

मशीन बंद करून चौघं बाहेर आले. पायऱ्यांवर धाकटा भराभर बोलायला लागला, सुटल्यासारखा. “वहिनी, मिशी पेंटर दोन मिनिटांत काढेल. आणि मजकूर म्हणाल, तर आजच बसू. तुम्ही झपाझप कराल, तुमचं रोजचंच काम आहे.”

“मी करणार नाही,” वहिनी म्हणाल्या.

“मग कोण करणार?”

“तू. मशीनला सांगून नाही, हाताने. एकेक ओळ.”

“वहिनी, ओळी केवढ्या आहेत माहीत आहे ना तुम्हाला?”

“मला माहीत आहे,” वहिनी म्हणाल्या. “तुला नाही. वाच.”